पहिलं जहाज, दुसरं जहाज

माझी वहिनी प्रेमिला थकल्याचं कधी बोलून दाखवत नसे. ती बसायची. संध्याकाळी सदर बाजारातल्या कामावरून आली की चपला काढण्याआधी ओट्यावर थोडा वेळ नुसती बसायची. तिच्या त्या बसण्यावरून तिचा दिवस कसा गेला असेल ते आम्हाला कळत असे.

ती उमरेडची. विणकराची मुलगी आणि विणकराच्याच घरी दिलेली. चौसष्ट साली लग्न होऊन नागपुरात तांडापेठेला आमच्या घरी आली तेव्हा घरात दोन हातमाग होते. एकावर बाबा बसायचे, दुसऱ्यावर माझा मोठा भाऊ शालिकराम. वहिनी आली तशी चरख्यापाशी कांड्या भरायला बसली. मागावर जायच्या आधी सूत लहान लहान नळ्यांवर गुंडाळावं लागतं, त्या नळ्या म्हणजे कांड्या. कोष्ट्याच्या घरात हे काम बायकांचं. वहिनीचा हात इतका भरभर चालायचा की माझी आई मैनाबाई शेजारणींना बोलावून दाखवायची. मी तेव्हा शाळेत होते. पुढे शिकून मी स्वतःच मास्तरीण झाले, कारण माझ्या वाटचं घरकाम वहिनीनं कधी माझ्यापर्यंत येऊच दिलं नाही.

मग नऊवारी लुगड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही. बायका मिलच्या पाचवारी साड्या नेसू लागल्या. बाबा गेले, माग मोडले, आणि भाऊ हिंगण्याच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागला. मागावर ज्याला लोक उस्ताद म्हणायचे त्यानं तिथं झाडू मारण्यापासून सुरुवात केली. शिकत शिकत मशीन चालवू लागला. सगळं मार्गी लागलं असं वाटत होतं. तेवढ्यात एका सकाळी, घराजवळच्या गोळीबार चौकात कंपनीच्या बसची वाट पाहत असताना, त्याला लकवा मारला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. जीभही जड झाली होती, ती हळूहळू सुटली. पाय ओढत ओढत घरातल्या घरात चालण्याइतका झाला. हात मात्र तसाच राहिला.

तेव्हापासून वहिनी सदरमधल्या एका शिलाईच्या दुकानात जाऊ लागली. शाळेचे युनिफॉर्म शिवायचे. लेक चंद्रकला नरखेडकडे दिलेली, तिच्या सासरी संत्र्याची बाग. ती सणावारीच यायची. म्हणजे दिवसभर घरात भाऊ एकटा. मी रविवारी तांडापेठेला गेले की तो खाटेवर पडून छताकडे पाहत असायचा. काय चाललंय विचारलं तर म्हणायचा, "काही नाही. दिवस काढून राहिलो."

वहिनीचा धाकटा भाऊ वसंत मस्कतला इलेक्ट्रिशियन होता. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो सुटीवर आला आणि त्यानं आपला कॉम्प्युटर बहिणीच्या घरी आणून ठेवला. त्याचा पोरगा अजून लहान होता आणि उमरेडच्या घरी टीव्ही नव्हता. कॉम्प्युटर म्हणजे बटणांची एक काळी चपटी पेटी. ती टीव्हीला जोडायची, टेपरेकॉर्डरला जोडायची, आणि गाण्याची असते तशी कॅसेट लावायची.

"एका हातानं चालते हे भाऊजी," वसंत म्हणाला. "तुमचा वेळ जाईल."

कॅसेट सुरू झाली की टेपरेकॉर्डरमधून कर्कश चिरकण्याचा आवाज निघायचा आणि टीव्हीवर पट्टे धावायचे. पहिल्या दिवशी शेजारच्या अनुसयाबाई विचारायला आल्या, मिक्सर बिघडला का म्हणून.

त्या कॅसेटवरच्या खेळाचं नाव इंग्रजीत लांबलचक होतं. घरात त्याला जहाज म्हणू लागले. गोष्ट अशी होती की एका ग्रहाचा सूर्य विझत चाललेला आहे, आणि तिथल्या लोकांसाठी दुसरी राहण्याजोगी जागा शोधायला आकाशातून जाणारं एक जहाज निघालं आहे. जहाजावर चार माणसं. त्यांची नावं आपण ठेवायची, कामं आपण वाटून द्यायची. माणूस जसजसं काम करेल तसतसा त्याच्या नावापुढचा आकडा वाढायचा, म्हणजे तो तेवढा हुशार झाला असं समजायचं. चित्रं फार नव्हती. ग्रह म्हणजे एक गोळा, जहाज म्हणजे बाणासारखी खूण. बाकी सगळं इंग्रजीत लिहून यायचं. भाऊचं इंग्रजी आठवीपर्यंतचं. अडलं की तो रविवारपर्यंत थांबायचा आणि मला विचारायचा.

त्यानं कप्तानाचं नाव धोंडबा ठेवलं. धोंडबा आमच्या कोपऱ्यावरचा किराणावाला. तो कशाचंच सरळ उत्तर द्यायचा नाही, म्हणून कप्तान व्हायला लायक, असं भाऊचं म्हणणं. शिपाई केला नत्थूला, कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरला. मेकॅनिक तो स्वतः. आणि डॉक्टर मैनाबाई. आमची आई गल्लीतल्या बायकांची बाळंतपणं करायची. तिला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

या पहिल्या जहाजाची एक गोष्ट भाऊला फार मानवली. आपण बटण दाबेपर्यंत तिथं काहीच हलायचं नाही. समोर संकट आलं तरी ते आपल्यासाठी थांबून राहायचं. डाव्या हाताच्या एका बोटानं, विचार करत करत, भाऊ खेळायचा. वहिनी संध्याकाळी तिथंच बसून भाजी चिरायची, आणि तो तिला विचारायचा.

"खाली कोणाले पाठवू वं?"

"काय आहे खाली?"

"बर्फ आहे. अन् कोणीतरी हाक मारून राहिलं."

"मंग डॉक्टरले पाठवा. आजारी असन कोणी."

असं करत करत ते चालायचं. वहिनीची मान विळीवरून क्वचितच वर यायची, पण कोणत्या ग्रहावर पाणी मिळालं, नत्थूचा आकडा किती झाला, हे तिला भाऊइतकंच ठाऊक असायचं. उन्हाळ्यात कूलर आणि टीव्ही एकदम चालले की आमच्या गल्लीत हमखास लाइन जायची आणि खेळ पुसला जायचा. मग दुसऱ्या कॅसेटवर जिथवर साठवून ठेवला असेल तिथून पुन्हा सुरू. भाऊ त्याचाही कंटाळा करत नसे. त्याच्यापाशी वेळच वेळ होता.

त्या बर्फाच्या ग्रहावर मैनाबाई मेली. बर्फ फुटला आणि ती आत गेली. तेवढं एक वाक्य पडद्यावर आलं आणि चार नावांतलं एक नाव निघून गेलं. साठवणीच्या कॅसेटवरून परत खेळता आलं असतं. भाऊनं ते केलं नाही. टीव्ही बंद करून तो खाटेवर जाऊन पडला, आणि पुढं काही दिवस त्यानं त्या पेटीला हात लावला नाही.

त्या रविवारी वहिनी कणीक मळता मळता मला म्हणाली, "मीच म्हटलं होतं पाठवा म्हणून."

"खेळ आहे तो, वहिनी."

"हो ना. माहीत आहे मले." ती मळत राहिली. "तरी त्यायनं नाव दुसरं ठेवायले पाहिजे होतं."

मग ते उरलेल्या तिघांना घेऊन पुढे गेले. दिवाळीनंतर कधीतरी त्यांना तो राहण्याजोगा ग्रह सापडला. मी मुद्दाम शाळेतून लवकर गेले होते. शेवटी पडद्यावर चार-पाच ओळी आल्या. लोक उतरले, त्यांनी घरं बांधली, जहाजाचं काम संपलं. मी वाचून दाखवलं.

"बस? इतकंच?" भाऊ म्हणाला.

"पोचले ना बिचारे," वहिनी म्हणाली आणि भात उतरवायला गेली. पण त्या दिवशी दोघंही खुशीत होते. भाऊनं स्वतःहून अनुसयाबाईंना हाक मारून सांगितलं की आम्ही पोचलो.

पुढच्या उन्हाळ्यात वसंत आला तो दुसरी कॅसेट घेऊन. त्याच खेळाचा पुढचा भाग. पहिल्या जहाजातली आपली माणसं या दुसऱ्यात आणता येतात, हे वसंतनं सांगितलं तेव्हा भाऊचा चेहरा उजळला. जुनी कॅसेट लावली, बराच वेळ ती चिरकत राहिली, आणि धोंडबा, नत्थू, शालिक अशी तिन्ही नावं पडद्यावर आली. मैनाबाई अर्थातच नव्हती. तिच्या जागी खेळानंच एक डॉक्टर दिला होता, कुठल्यातरी परदेशी नावाचा, आणि ते नाव बदलता येत नव्हतं. एवढंही चाललं असतं. पण तिघांच्या नावापुढचे आकडे खाली येऊन पार एकवर बसले होते.

भाऊ पडद्याकडे पाहत राहिला. "इतकं शिकले हे लोक. सारं पुसून टाकलं."

"असंच होते," वहिनी म्हणाली. "तुम्ही माग सोडून हिंगण्याले गेले तव्हा काय होते? हेल्परच ना."

"मी माणूस होतो वं. हा तर खेळ आहे."



दुसरं जहाज दिसायला कितीतरी चांगलं होतं. जहाज खरोखर वळायचं, तारे मागे पळायचे, स्फोट झाला की टीव्हीतून आवाज यायचा. गल्लीतले लोक दारात उभे राहून पाहू लागले. सगळ्यांचं म्हणणं एकच, पहिल्यापेक्षा हा भारी. गोष्ट मात्र उतरली होती. नव्या ग्रहावर कोणीतरी हल्ला करतं आणि आपण त्यांना मारत सुटायचं. आणि मुख्य फरक असा की आता काहीच आपल्यासाठी थांबत नव्हतं. बटण दाबा न दाबा, दुश्मनाची जहाजं अंगावर यायचीच. वळायचं, मारायचं, स्वतःला वाचवायचं, सगळं एकाच वेळी, दोन्ही हातांनी.

भाऊनं पुष्कळ प्रयत्न केला. डावा हात पेटीभर फिरवून पाहिला. उजवा हात उचलून बटणांवर ठेवून पाहिला, तो घसरून खाली पडायचा. दर वेळी जहाज फुटायचं. एका संध्याकाळी वहिनी घरी आली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसलेला होता आणि टीव्हीवर फुटलेल्या जहाजाचं चित्र तसंच होतं. ती काही वेळ उभी राहिली. मग पदराला हात पुसले आणि खाली बसली.

"द्या इकडं," ती म्हणाली.

तिचे हात भरभर चालायचे, ते या खेळातही चालले. आठवडाभरात ती जहाज असं फिरवू लागली की दारातले लोक गप्प होऊन पाहायचे. भाऊ शेजारी बसून सांगायचा, "डावीकडे वं, डावीकडे. मागून येऊन राहिला एक." लकवा मारल्यापासून मी त्याला मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं, ते त्या दिवसांत पाहिलं. दिवसभर तो मनाशी बेत करायचा. आज कुठून जायचं, कोणाला आधी मारायचं. वहिनी यायच्या वेळेला टीव्ही सुरू, कॅसेट लावून तयार, पेटी तिच्या जागेवर ठेवलेली.

त्यामुळे वहिनीचं ओट्यावरचं बसणं गेलं. ती दारात दिसली की आतून हाक यायची. ती तशीच आत जायची. खेळून झालं की चूल, जेवण, भांडी. जून उजाडला आणि शाळांचे युनिफॉर्म आले. दुकानात जादा वेळ बसावं लागू लागलं. मी म्हटलं, "वहिनी, सांगून टाक ना भाऊले." ती म्हणाली, "दिवसभर वाट पाहते तो माणूस. काय सांगू?"

जुलैत एक दिवस ती खेळता खेळता झोपली. बोटं बटणांवर तशीच, मान छातीवर. मी तिथं होते. जहाज फुटलं, मोठा आवाज झाला, तरी तिला जाग आली नाही. भाऊनं तिला हलवलं.

"झोपली काय वं? सारे मेले ना."

वहिनीनं डोळे उघडले. आवाज चढवला नाही. म्हणाली, "दिवसभर मशीनवर बसते मी. ते सुई वर-खाली, वर-खाली. डोळे मिटले तरी दिसते. घरी आली का हे अंगावर येऊन राहिले. तुमचे दुश्मन आहेत ते. मले काहून मारायले लावता जी?"

ती उठून स्वयंपाकाला लागली. दुसऱ्या दिवशी पेटीवर फडकं टाकलेलं होतं. तो पुन्हा छताकडे पाहू लागला, आणि वहिनीला त्याचंही वाईट वाटू लागलं. घरात कोणी कोणावर रागावलेलं नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. दारातल्या लोकांनी काही दिवस चौकशी केली आणि मग तेही यायचे बंद झाले.

पोळा होऊन गेल्यावरच्या एका रविवारी दुपारी मी गेले. भाऊ झोपला होता. टीव्ही सुरू होता, आवाज बंद करून. समोर वहिनी एकटीच, पाय पसरून, पेटी मांडीवर. हात मात्र बटणांवर नव्हते. पडद्यावर जहाज एका जागी उभं होतं. आजूबाजूला आणखी दोन-तीन जहाजं, तीही उभी.

"काय करून राहिली वहिनी?"

"काही नाही. उभी आहे."

"म्हणजे?"

"इथं जहाज दुरुस्त करायले आणतात. इथं कोणी मारत नाही." ती हळू आवाजात बोलत होती. "बटण दाबलं नाही तरी काही होत नाही. मले सापडली होती ही जागा. रोज खेळत होती तव्हाच."

"भाऊले सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर म्हणाले असते, झालं ना दुरुस्त, चल पुढं."

भाऊ जागा झालेला होता. आम्हा दोघींना ते कळलं नव्हतं. खाटेवरून त्याचा आवाज आला, "असंच म्हटलं असतं मी."

वहिनीनं पेटी खाली ठेवली. भाऊ उठला, पाय ओढत आला आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसला. बसायला त्याला वेळ लागला. पडद्याकडे बघत म्हणाला, "हे काय लिहिलं आहे खाली?"

खाली बारीक अक्षरांत ओळी होत्या. त्या दुरुस्तीच्या ठिकाणच्या माणसांशी बोलता येत होतं. पुढे जायच्या घाईत त्या ओळी कोणी वाचल्याच नव्हत्या. भाऊनं डाव्या बोटानं एक बटण दाबलं. एक म्हातारा मेकॅनिक बोलू लागला. त्याचा गाव कोणता, तो इथं कसा आला. भाऊ अडखळत वाचू लागला आणि मराठीत सांगू लागला. चुकलं तिथं मी सांगितलं. वहिनीनं भिंतीला पाठ टेकली.

"आज पुढं नको जाऊ," भाऊ तिला म्हणाला.

"नाहीच जात मी."

मी चहा ठेवायला उठले. परत आले तेव्हा तो म्हातारा मेकॅनिक अजून बोलतच होता.

त्यानंतर ते दुसरं जहाज तसंच खेळलं गेलं. दिवसा भाऊ त्या जागी राहून एकेका माणसाशी बोलायचा, जहाजाला नवे भाग लावायचा, माणसांना काम शिकवायचा. त्यामुळे आकडे पुन्हा पुष्कळ वर चढले. वहिनी कामावरून येऊन ओट्यावर बसायची, आणि आतून हाक येत नसे. कधी एखाद्या रविवारी तिचीच इच्छा झाली तर ती जहाज बाहेर काढायची, थोडं लढायची आणि परत आणून उभं करायची. खेळ शेवटपर्यंत गेलाच नाही. शेवटी काय होतं ते आम्हाला आजही माहीत नाही.

एकोणनव्वदच्या मे महिन्यात वसंत आला. उमरेडला त्यानं टीव्ही घेतला होता आणि पोरगा आता कळता झाला होता. कॉम्प्युटर न्यायचा आहे हे सांगताना तो बिचारा अवघडला. भाऊनंच वायरी काढून द्यायला सुरुवात केली. पेटी कपड्यात गुंडाळता गुंडाळता वसंतनं विचारलं, "भाऊजी, दोघांतला कोणता चांगला? तिसराही निघणार म्हणतात. जो बरा असन तसाच पाहून आणतो."

"दुसरा," भाऊ लगेच म्हणाला.

मला नवल वाटलं. त्या दुसऱ्यानं त्याला एकदाही लढू दिलं नव्हतं.

"त्यात हे खेळत होती," भाऊ म्हणाला. "मी बसून पाहत होतो. पहिल्यात मी एकटाच बटण दाबून राहिलो होतो."

"अन् ताई, तुले?"

"मले पहिला." वहिनी दळण निवडत होती. "त्यात भाजी चिरता चिरता चालत होतं. अन् कोणाले मारायचं नव्हतं, जागा पाहायची होती फक्त. बाई मेली त्यात आमची, पण बाकीचे पोचले."

"मंग पोराले कोणता लावून देऊ?"

"दोन्ही लावून दे. त्याच्या अंगात ताकद आहे अजून."

वसंत गेला. टीव्हीच्या बाजूची जागा रिकामी झाली. पुन्हा जून आला, पुन्हा युनिफॉर्म आले. भाऊनं मला शाळेच्या कपाटातून एखादं गोष्टींचं पुस्तक आणायला सांगितलं, ठळक अक्षरांचं. म्हणाला, वाचून वाचून जीभ बरी झाली आहे, ती पुन्हा जड व्हायला नको. मी प्रवासाच्या गोष्टींचं एक पुस्तक नेऊन दिलं.

पुढच्या वेळी गेले तेव्हा संध्याकाळ होती. वहिनी नुकतीच येऊन चटईवर आडवी झाली होती. भाऊ डाव्या हातात पुस्तक धरून मोठ्यानं वाचत होता. वाचताना अजूनही तो मधे मधे अडायचा. वहिनीचे डोळे मिटलेले होते आणि श्वास संथ चालला होता.

"झोपली ना ते, भाऊ," मी म्हटलं. "कोणाले वाचून राहिला?"

"झोपू दे," तो पुस्तकातून मान वर न काढता म्हणाला. "थांबलो का जागी होते."

आणि तो पुढचं पान वाचू लागला.